आईच्या पायमशीनचा खण

आईच्या पायमशीनचं टेबल माळ्यावरून उतरवलं आणि डावा खण ओढला, तर नुसती दर्शनी फळी हातात आली. शेजारचे काका म्हणाले, "दोन खिळे ठोक नि मोकळा हो." तेवढं मात्र करू नका. खिळ्यानं जुनं सागवान चिरतं, आणि पुढे सांधा उघडायची सोय राहत नाही.

आधी मशीनचं डोकं काढा. चाकावरून पट्टा उतरवा, डोकं मागे कलंडवा, मागच्या दोन बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले करून सरळ वर उचला. दहा-बारा किलोचं धूड आहे, सोबतीला कुणी घ्या. खालचं स्टँड बिडाचं. हातोडा मारला तर ते वाकत नाही, थेट तडकतं. गंजलेल्या बोल्टांवर रॉकेल सोडून रात्रभर थांबा.

आता खण. जुन्या टेबलांचे सांधे बहुतेक सरसाचे, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाचे. सुटलेल्या सांध्यात तपकिरी, काचेसारख्या खपल्या दिसल्या की समजा सरस. तो ऊन पाण्याला विरघळतो, म्हणूनच आपलं काम सोपं होतं. गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाचेक मिनिटं धरा, मऊ पडला की बोथट पटाशीनं खरवडा, पार लाकूड उघडं होईपर्यंत. मी पहिल्यांदा कंटाळलो आणि अर्धवट खरवडून वरून फेव्हिकॉल लावलं. आठवड्यात फळी पुन्हा हातात! चूक माझीच. पांढरा गोंद लाकडात मुरावा लागतो, जुन्या सरसावर तो नुसता बसतो.

लाकूड उघडं झालं की गोंद लावून सांधा बसवा आणि शिकंज्यात, म्हणजे क्लॅम्पमध्ये, आवळा. शिकंजा नसेल तर सायकलची जुनी ट्यूब उभी कापून खणाभोवती ताणून गुंडाळा. मग खण काटकोनात बसलाय का ते पाहायला टेपनं दोन्ही कर्ण मोजा. माझ्याकडे चार मिलिमीटरचा फरक निघाला. लांब कर्णाचे कोपरे आत दाबले, जुळलं. रात्रभर हात लावू नका.

वरच्या फळीचं व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, फुगलं असेल तर ओलसर सुती कापडावरून कोमट इस्त्री जराशी फिरवा. आतला सरस पाघळतो. लगेच कागद घालून वर वजन ठेवा, आमच्याकडे पाटा होताच.

बिजागरीचे स्क्रू नुसतेच फिरतात? गुल काढलेल्या आगकाड्या गोंदात बुडवून भोकात ठोका, सुकल्यावर तासून तोच स्क्रू घाला. मोठा घातलात तर त्याचं डोकं बिजागरीच्या वर राहतं आणि झाकण नीट मिटत नाही.

पॉलिशला अर्ध्या लिटर स्पिरिटमध्ये 100 ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजवा. पावसाळ्यात मात्र नको. मी श्रावणात बसलो आणि हवेतल्या ओलीनं फळीवर दुधाळ थर आला. कोरड्या दिवशी स्पिरिटचा बोळा हलकेच फिरवला तेव्हा गेला.

शेवटी चामड्याचा पट्टा. नवा आणलात तर बेताचा आवळा. आठवडाभर शिवण झाली की तो सैल पडतोच. तेव्हा अर्धा इंच कापा, दाभणानं नवं भोक पाडा आणि हूक परत अडकवा.