एक्स्पर्ट की एक्स्पर्टीज? बायोडेटातल्या या चुका टाळा

नोकरीच्या अर्जात 'आय अ‍ॅम एक्स्पर्टीज इन टॅली' हे वाक्य सर्रास दिसतं. त्याचा सरळ अर्थ होतो, 'मी टॅलीतलं प्रावीण्य आहे'. एक्स्पर्ट म्हणजे तज्ज्ञ माणूस. एक्स्पर्टीज म्हणजे त्याच्या अंगचं प्रावीण्य. स्पेलचेक लाल रेघ मारत नाही, कारण स्पेलिंग बरोबरच असतं.

घोळ होतो तो आपल्या 'आहे'मुळे. 'मी तज्ज्ञ आहे' आणि 'माझ्याकडे प्रावीण्य आहे', दोन्हीकडे आपलं क्रियापद एकच. इंग्रजीत मात्र पहिल्याला 'अ‍ॅम' लागतं, दुसऱ्याला 'हॅव'. म्हणून 'आय अ‍ॅम अ‍ॅन एक्स्पर्ट इन टॅली' किंवा 'आय हॅव एक्स्पर्टीज इन टॅली' असं लिहा. 'आय हॅव एक्स्पर्ट इन एक्सेल' ही याचीच उलटी चूक.

अर्ज पाठवण्याआधी फाइलमध्ये कंट्रोल-एफ दाबून 'एक्स्पर्ट' एवढंच इंग्रजीत शोधा. दोन्ही शब्द एकदमच सापडतील. जिथे एक्स्पर्टीज आहे तिथे मागचं क्रियापद बघा. 'अ‍ॅम' किंवा 'इज' असेल तर वाक्य बदला. मागे नुसतं 'अ‍ॅन' असेल तर तेही खोडा, कारण प्रावीण्य मोजत नाहीत. त्याच कारणाने 'एक्स्पर्टीजेस' असं अनेकवचनही करू नका; विषय चार असले तरी मथळा 'एरियाज ऑफ एक्स्पर्टीज' असाच.

'एक्स्पर्टीज अ‍ॅडव्हाइस' चूक, 'एक्स्पर्ट अ‍ॅडव्हाइस' बरोबर. इथे एक्स्पर्ट हे विशेषण आहे, आणि म्हणूनच 'शी इज एक्स्पर्ट अ‍ॅट ड्राफ्टिंग' हे 'अ‍ॅन'शिवायही चालतं. ते उगाच दुरुस्त करायला जाऊ नका. विषयाचं नाव असेल तर 'इन', कृती असेल तर शक्यतो 'अ‍ॅट'.

टॅलीत रोजच्या नोंदी सफाईने करता येतात, पण अडलेलं सोडवता येत नाही, अशा वेळी हे दोन्ही शब्द सोडून 'प्रोफिशंट इन टॅली' लिहिणं जास्त प्रामाणिक. मुलाखतीत प्रश्न त्याच शब्दाच्या वजनाने येतात.

बोलताना 'एक्स्पर्टाइज' म्हणू नका. शेवट 'टीज', त्यातला ज 'आवाज'मधला. एक्स्पर्टमध्ये जोर पहिल्या 'एक्स'वर, एक्स्पर्टीजमध्ये शेवटच्या 'टीज'वर.