दुखणारा पाय आणि न दुखणारा पाय : घरी काय करावे आणि दवाखाना कधी गाठावा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पायाचे दुखणे रानागणिक बदलते. जावळी-पाटणच्या भातखाचरांत लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, माण-खटावच्या कोरड्या रानात टाचा भेगाळतात आणि बाभळीचा काटा पायात मोडतो, तर कृष्णाकाठी ऊस तुटून गेल्यावर उरलेली टोकदार खोडकी चपलेसकट तळवा फाडतात. कारणे अशी निरनिराळी असली तरी डॉक्टरांकडे जायचे की नाही, हे ठरवताना माणसे सगळीकडे एकच प्रश्न विचारतात : दुखते आहे का? पायाच्या बाबतीत हा प्रश्न अपुरा आहे आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत तर तो घातक ठरतो.

आधी घरी बऱ्या होणाऱ्या गोष्टी पाहू. चिखल्या म्हणजे सतत ओल्या राहिलेल्या कातडीवर धरलेली बुरशी. बहुधा करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांच्या मधली कातडी पांढरी पडून सोलते, खाजते आणि आग होते. रानातून आल्यावर पाय साबणाने धुऊन प्रत्येक बेचके वेगळ्या फडक्याने कोरडे करावे, शक्य तितका वेळ पाय उघडे ठेवावेत आणि क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिनचे साधे मलम लावावे. खाज थांबली की मलम सोडून देण्याची आपल्याकडे सवय आहे आणि त्यामुळेच दुखणे उलटते. क्लोट्रिमॅझोल तर कातडी बरी दिसू लागल्यावरही दोन आठवडे लावत राहावे लागते. औषधाच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ एवढेच सांगून आणलेल्या मलमात अनेकदा स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने दोन दिवसांत आराम वाटतो, पण बुरशी आतून पसरते आणि पुढे साध्या औषधाला दाद देत नाही. म्हणून ट्यूबवरची नावे वाचून, नाहीतर फार्मासिस्टला स्पष्ट विचारूनच ती घ्यावी. 2019 आणि 2021 च्या महापुरांत सांगलीकरांना दिवसचे दिवस पाण्यातून चालावे लागले. अशा पाण्यात पायाच्या चिरांमधून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरू शकतात. त्यामुळे पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यात वावर झाल्यानंतरच्या महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि पाण्यात चाललो होतो हे आवर्जून सांगावे.

टाचेच्या भेगांसाठी रात्री दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात पाय ठेवावेत, मऊ झालेली कातडी वजरीने हलक्या हाताने घासावी आणि पाय टिपून लगेच व्हॅसलीन, आमसुलाचे तेल किंवा युरिया असलेले मलम चोळून सुती मोजे घालावेत. धातूची वजरी रक्त येईपर्यंत घासणे आणि भेगांत गरम मेण ओतणे या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. भेगेतून रक्त किंवा पू येऊ लागला, किंवा महिनाभर नेमाने काळजी घेऊनही फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण सोरायसिस आणि बुरशी यांचाही आजार टाचेवर भेगांच्याच रूपात दिसतो.

काट्याचा नायटा होतो, ही म्हण पाय सोसलेल्या माणसांनीच केलेली असावी. वरवरचा काटा उकळून घेतलेल्या सुईने काढता येतो, पण टोक खोल मोडले असेल तर घरी कोरत बसू नये. घाणेरड्या वस्तूने खोल जखम झाली आणि धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर लस पुन्हा घ्यावी लागते. आत राहिलेल्या काट्यामुळे किंवा रोज एकाच जागी बसणाऱ्या चपलेच्या दाबामुळे कातडी घट्ट होऊन कुरूप होते. कुरूप वरून दाबले की दुखते. तळव्यावरची चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर अधिक दुखते आणि तिच्यात बारीक काळे ठिपके दिसतात. हा फरक ओळखणे गरजेचे आहे, कारण चामखीळ विषाणूमुळे होते आणि पसरते, तर कुरूप चप्पल बदलल्याशिवाय जात नाही. ब्लेडने कापणे दोन्हींत वाईट. कुरूपावर चिकटवायच्या औषधी पट्टीत कातडी जाळणारे आम्ल असते, म्हणून मधुमेह असलेल्यांनी ती मुळीच वापरू नये. अंगठ्याच्या नखाच्या कडा खोलवर गोल कापल्याने नख मांसात रुतते. ते सरळ कापावे आणि कडेला पू झाला तर डॉक्टरांकडून साफ करून घ्यावे.

सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली चार पावले टाचेत कळ येते आणि चालू लागल्यावर ती कमी होते, हे तळव्याच्या जाड पट्ट्याला आलेल्या सुजेचे लक्षण असते. शहाबादी फरशीवर अनवाणी उभे राहून स्वयंपाक करणाऱ्या बायकांमध्ये ही तक्रार फार आढळते. घरात मऊ चप्पल वापरावी, उठण्यापूर्वी पायाची बोटे स्वतःकडे ओढून पोटरी आणि तळवा ताणावा आणि धीर धरावा, कारण हे दुखणे बरे होते, पण काही महिने घेते. रात्री झोपेतही टाच ठणकत असेल, मुंग्या येत असतील किंवा उंचावरून पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. पाय मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, तर तेल चोळत न बसता एक्स-रे काढावा.

आता न दुखणाऱ्या पायाविषयी. माझे मामा खटाव तालुक्यातले, बारा वर्षांचे मधुमेही. एका संध्याकाळी सतरंजीवर रक्ताचे डाग दिसले म्हणून मामींनी त्यांचा पाय उलटा करून पाहिला, तेव्हा चपलेतून आरपार गेलेला खिळा तळव्यात घुसलेला होता आणि मामा दिवसभर त्याच पायाने रानात हिंडले होते. “दुखत नाही, म्हणजे काही नाही,” असे म्हणत त्यांनी आठ दिवस जखमेत हळद भरली. मिरजेला नेले तेव्हा अंगठा काळा पडला होता आणि तो काढावा लागला. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. इजा झाल्याचे कळवणारी वेदनाच नाहीशी होते, त्यात रक्तपुरवठाही कमी झालेला असतो, त्यामुळे साधी जखम हाडापर्यंत पोहोचेपर्यंत माणूस निवांत असतो.

म्हणून मधुमेह असलेल्या प्रत्येकाने रोज रात्री दोन्ही पाय उजेडात तपासावेत. तळवा दिसत नसेल तर आरसा धरावा किंवा घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगावे. बेचकी, नखांच्या कडा आणि टाचेची मागची बाजू यांवर विशेष नजर ठेवावी. पांढरे मोजे घालावेत, म्हणजे रक्ताचा किंवा पुवाचा डाग लगेच दिसतो. आंघोळीच्या पाण्याची ऊब पायाने न पाहता कोपराने पाहावी. थंडीत शेकोटीपाशी पाय शेकू नयेत आणि रबरी पिशवीनेही नाही. चप्पल घालण्यापूर्वी ती झटकून आत हात फिरवावा. घरातही अनवाणी फिरू नये. चैत्रात शिखर शिंगणापूरला जाताना तापलेल्या दगडांवर बधिर तळवे भाजतात आणि फोड फुटेपर्यंत कळत नाही. तिथे मोजे घालून दर्शन घेतल्याने श्रद्धेत काहीही उणे येत नाही, असे मी मनापासून सांगेन. पायाला मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या स्पंजासारख्या) रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्यावी आणि ती संध्याकाळी घ्यावी, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असल्याने खरे माप मिळते. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून नायलॉनच्या बारीक तारेने तळव्याची संवेदना आणि हाताने पायाची नाडी तपासून घ्यावी.

मधुमेह्याच्या पायाला जखम, फोड किंवा काळा डाग दिसला, तर त्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठावेत. जखम नसतानाही एक पाय अचानक सुजून दुसऱ्यापेक्षा गरम लागत असेल, तर त्यावर भार देणे तत्काळ थांबवून तपासणीला जावे, कारण आतली हाडे न दुखता मोडत असण्याची शक्यता असते. मधुमेह नसलेल्या माणसाच्या पायातून चप्पल निसटल्याचे त्याला कळत नसेल किंवा कातडीवर फिकट, बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळेत घेतल्यास पाय पूर्ण वाचतो.

काही लक्षणांत मात्र सकाळची वाट पाहू नये. पाय अकस्मात गार, पांढरा आणि असह्य दुखरा झाला तर रक्तवाहिनी बंद झालेली असते आणि हाती काही तासच असतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका अधिक. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागणे म्हणजे शिरेत गुठळी असू शकते. लाली वर सरकत जाणे, जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आणि थंडी वाजून ताप हे जंतुसंसर्ग पसरल्याचे चिन्ह आहे. याउलट दोन्ही पावले हळूहळू सुजत असतील, तर हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांची तपासणी करावी आणि रक्तदाबाची गोळी कोणती चालू आहे हेही दाखवावे, कारण काही गोळ्यांनीच पाय सुजतात.

डॉक्टरांकडे जाताना रोजची वापरातली चप्पल, चालू औषधे आणि साखरेचा अलीकडचा अहवाल सोबत न्यावा. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोबत लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत चालणाऱ्या मधुमेही वारकऱ्यांनी जुनी, पायाला बसलेली चप्पल घालावी, मोज्यांचे दोन कोरडे जोड पिशवीत ठेवावेत, फोड स्वतः फोडू नये आणि मुक्कामावर पोहोचताच, अभंगाला बसण्यापूर्वी, दोन्ही तळवे वैद्यकीय पथकाला दाखवावेत.