ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालतो तेव्हा
गाडीतील ब्लोअर, म्हणजे एसी-हीटरची हवा आत ढकलणारा पंखा, पहिल्या तीन वेगांवर बंद राहतो आणि चौथ्यावर मात्र जोरात फिरतो, असे आढळल्यास मोटर बदलण्याची घाई करू नये. फिरवायचे साधे बटण असलेल्या बहुतेक गाड्यांत कमी वेगांसाठी वीज रेझिस्टरमधून, म्हणजे विजेचा प्रवाह कमी करणाऱ्या छोट्या भागातून, जाते आणि सर्वांत जास्त वेगावर ती थेट मोटरला मिळते, त्यामुळे दोष मोटरचा नसून बहुधा जळालेल्या रेझिस्टरचा असतो. आपल्याकडील गाड्यांत तो सहसा डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, कारण वाहत्या हवेनेच तो थंड राहतो. बॅटरीची ऋण तार आधी सोडवूनच तो काढावा आणि कनेक्टर वितळलेला नाही ना, हेही पाहावे. धुळीने चोंदलेला केबिन फिल्टर त्याच वेळी बदलणे मला फार महत्त्वाचे वाटते. हवा अडली किंवा मोटर जड फिरू लागली, तर नवा रेझिस्टरही लवकर जळू शकतो.

हवा भरपूर येऊनही हीटर गरम होत नसेल, तर इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची, म्हणजे इंजिनची उष्णता वाहून हीटरपर्यंत नेणाऱ्या द्रवाची, पातळी तपासावी. तापलेल्या इंजिनवर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.