कॅडची फाइल सिम्युलेशनमध्ये घेताना या चुका टाळा

सांगली-मिरज, कुपवाड, पलूस या पट्ट्यात फाउंड्री, पंप, उसाच्या ट्रॉल्या असलं काम भरपूर, आणि हल्ली गिऱ्हाईक अॅनालिसिसचा, म्हणजे पार्ट लोड पेलेल का याच्या कॉम्प्युटरवरच्या गणिताचा, रिपोर्ट मागतंच. त्यामुळे कॉलेजमधून नुकती बाहेर पडलेली पोरं या कामाला बसलीयत, ती हुशार आहेत यात शंका नाही, पण घाई सगळ्यांना एकाच बटणाची, मेश, म्हणजे गणितासाठी पार्टचे बारीक तुकडे (एलिमेंट) पाडायचं. कॅडची, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरची, फाइल उघडली, स्क्रीनवर पार्ट दिसला की लगेच मेश. अरे बाबांनो, आत नक्की काय आलंय ते तरी बघा आधी.

माझी सवय सांगतो. इम्पोर्ट झालं की मी कशालाही हात लावायच्या आधी तीन गोष्टी बघतो: बॉडी किती आल्या, त्या सॉलिड आहेत का नुसते सरफेस, आणि व्हॉल्यूम किती. फाइल देणाऱ्याकडून त्याच्या कॅडमधलं वजन आणि व्हॉल्यूम आधीच मागून घेतलेलं असतं. दोन्ही आकडे जुळले तरच पुढं. याला पाच मिनिटंपण लागत नाहीत आणि तरी कुणी करत नाही.

आता ज्याचा मला सगळ्यात जास्त वैताग येतो ते, आयजीईएस (.igs) फाइल, एका कॅडमधून दुसरीकडं भूमिती न्यायचा जुना फॉरमॅट. या फॉरमॅटचं ५.३ व्हर्जन १९९६ सालचं, त्यानंतर पुढं काही झालं नाही, आणि आपल्याकडं अजून लोक "आयजीएस पाठवलीय बघा" म्हणून बिनधास्त मेल करतात. यात बहुतेक वेळा नुसते सरफेस येतात. कुठला सरफेस कुणाला चिकटलाय ही माहिती नसते, ते आपल्या सॉफ्टवेअरनं कडा जुळवून ठरवायचं, आणि कडा जुळल्या म्हणायचं कधी ते टॉलरन्सवर, म्हणजे किती फट चालवून घ्यायची त्यावर. सॉलिड होत नाही म्हटल्यावर नवीन माणूस काय करतो, टॉलरन्स वाढवत जातो, ०.०१ चा ०.१, मग १, आणि ऑटो रिपेअरचे सगळे टिक मारून टाकतो. झालं सॉलिड! खूश.

मागं एका फाउंड्रीचं काम आलं होतं, पंपाचा बेअरिंग ब्रॅकेट, कास्ट आयर्नचा. अॅनालिसिस त्यांच्याकडच्या पोरानं केलेलंच होतं, रिबच्या (आधाराच्या पट्टीच्या) बुडाला स्ट्रेस फार येतोय म्हणून पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) बदलून रिब जाड करायची तयारी चाललेली, मला म्हणाले एकदा नजर टाका. मी विचारलं मेश बारीक केल्यावर आकडा किती होतो? ३ मिमीला १४० एमपीए, दीडला १९०, पाऊणला २६०. म्हणजे थांबायचं नावच नाही. असा चढत जाणारा स्ट्रेस दिसला की समजायचं तिथं आतला कोपरा टोकदार आहे, लिनिअर अॅनालिसिसमध्ये अशा कोपऱ्यातल्या स्ट्रेसला वरची मर्यादाच नसते, मेश जितकी बारीक तितका आकडा मोठा. पण ड्रॉइंगवर तर तिथं तीनचा रेडियस स्पष्ट लिहिलेला, आणि कास्टिंगमध्ये रिबच्या बुडाला फिलेट (कोपऱ्यातली गोलाई) नाही असं कधी होईल का? मग फिलेट गेला कुठं?

तर आयजीईएसमधून येताना त्या फिलेटचे सरफेस फाटके आले होते, रिपेअर कमांडनं ते काढून टाकले आणि शेजारचे दोन फेस वाढवून एकमेकांना भिडवले. सॉलिड एकदम स्वच्छ, एरर एकही नाही, आणि जिथं स्ट्रेस बघायचा नेमका तिथलाच फिलेट गायब. मूळ गिऱ्हाइकाकडून स्टेप फाइल (आयजीईएसनंतरचा फॉरमॅट) मागवली, फिलेट अख्खा आला, मेश दोनदा बारीक केली आणि आकडा ९५ च्या आसपास स्थिर झाला. पॅटर्नला हात लावायची गरजच नव्हती. पॅटर्न बदलायचा खर्च काय असतो ते फाउंड्रीवाल्याला विचारा, म्हणजे मी एवढा का चिडतो ते कळेल.

तेव्हा स्टेप मागा, त्यातले एपी २१४ किंवा एपी २४२ हे प्रकार, नाहीतर पॅरासॉलिड फॉरमॅट. आणि टॉलरन्स वाढवून सॉलिड होत असेल तर ते सॉलिड झालेलं नाही, तुम्ही भोक झाकलंय एवढंच. फाटकी जागा शोधा, झूम करा, तो एक फेस हातानं परत बनवा. वेळ जातो, जाऊदे.

एसटीएल (थ्रीडी प्रिंटिंगला वापरतात ती) फाइलवरून अॅनालिसिस करायचा हट्ट सोडा. ते नुसते त्रिकोण आहेत.

युनिट. एसटीएलमध्ये युनिट लिहिलेलंच नसतं, इंचातला पार्ट मिमी समजून आला की लांबी २५.४ पट लहान आणि वजन १६ हजार पट कमी, हे वजन बघितलं की लगेच पकडता येतं. फसवणारा प्रकार वेगळा आहे. अबॅकससारख्या सॉल्व्हरला (गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरला) युनिट कळत नाही, तुम्ही जे आकडे टाकाल ते एकमेकांशी जुळले पाहिजेत. भूमिती मिमीत, फोर्स न्यूटनमध्ये, तर स्टीलची डेन्सिटी ७.८५ई-९ (ई-९ म्हणजे दहाचा उणे नववा घात), टन प्रति घन मिमी. बरेच जण ७.८५ई-६ टाकतात, किलोच्या हिशोबानं. बाहेरून फोर्स लावलेल्या स्टॅटिकमध्ये काहीच चुकत नाही, डेन्सिटी तिथं लागतच नाही, म्हणून कुणाला शंका येत नाही. मग तेच मॉडेल मोडलला, म्हणजे पार्ट स्वतः कुठल्या फ्रिक्वेन्सीला थरथरतो (प्रत्येक प्रकार म्हणजे एक मोड) ते काढायला लावतात आणि फ्रिक्वेन्सी हजाराच्या वर्गमुळानं म्हणजे साधारण ३१.६ पटीनं खाली येते, १९० हर्ट्झचा मोड ६ वर. आणि अशा आकड्यावर लोक बेसफ्रेम बदलायला निघतात!

कास्टिंगवरचा लोगो, पार्ट नंबर, बोल्टचे आटे हे कॅडमध्येच सप्रेस (बंद) करून फाइल मागा. एम्बॉस केलेल्या अक्षराच्या कडेला ०.१ मिमीचं एलिमेंट पडलं की एक्स्प्लिसिटमध्ये (वेळेच्या बारीक पावलांनी सोडवायच्या पद्धतीत) टाइम स्टेप तेवढ्या एका एलिमेंटवर ठरते, स्टीलमध्ये साधारण २ई-८ सेकंद, मग रात्रभर कॉम्प्युटर चालू. फक्त लोगोबरोबर फिलेटपण सरसकट उडवू नका, वर सांगितलंय का ते.

फाइलच्या पाथमध्ये मराठी अक्षरं आणि स्पेस नको, काही सॉल्व्हर तिथंच अडतात.

शेवटचं ट्रॉलीवाल्यांसाठी. पत्रा सॉलिड ठेवून जाडीत एकच टेट्रा (चार त्रिकोणी बाजूंचं) एलिमेंट घालू नका, साधा चार नोडचा टेट्रा वाकताना उगाच ताठ वागतो, डिफ्लेक्शन कमी दिसतं आणि आपण खूश होतो. मिडसरफेस (जाडीच्या मधला सरफेस) काढून शेल (पातळ पत्र्याचं एलिमेंट) घ्या. पण मिडसरफेस काढलं की ६ मिमीच्या पत्र्यावर उभा वेल्ड केलेला पत्रा ३ मिमी वर तरंगत राहतो, कारण खालचा सरफेस जाडीच्या मध्यावर सरकला. डोळ्याला ते दिसत नाही. उभ्या पत्र्याची कड खाली वाढवून जोडा नाहीतर वेल्डच्या लाइनवर कनेक्शन द्या, आणि मग सगळे सपोर्ट काढून एकदा मोडल चालवा. पहिले सहा मोड शून्याजवळ येणारच, अख्खा पार्ट मोकळा सरकतो-फिरतो ते. सातवापण शून्याजवळ आला तर कुठलातरी तुकडा सुटा आहे, त्याचं अॅनिमेशन लावा, एकटा कोण हलतोय ते दिसेल, तो जोडा आणि परत चालवा.