रेकॉर्डिंग पळवत बसू नका, उडी मारा : सेट टॉप बॉक्सवर रेकॉर्ड केलेलं कसं पाहावं

रब्बीत रात्रीची लाईन असली की हरभऱ्याच्या ओलिताला जावंच लागते आणि सिरियल नेमकी त्याच टायमाला. त्याच्या आधी सोयाबीनची सोंगणी, मग कापूस वेचणी, बाया वावरातून येऊन चूल पेटवेपर्यंत अर्धा भाग होऊन गेलेला. म्हणून आता बरेच जण पेनड्राईव्ह लावून रेकॉर्डिंग करतात. रेकॉर्डिंगचं काही नाही हो, लाल बटण दाबलं की झालं. खरा घोळ होते तो पाहताना. जाहिरात आली की फॉरवर्ड, मग जास्त पुढं गेलं, मग रिवाइंड, मग पुन्हा तीच साबणाची जाहिरात, आणि घरातले सगळे बोंबलतात "थांब ना, गेलं ना बाप्पा!" हे सगळं टाळता येते. फॉरवर्डचं बटण शक्यतो वापरायचंच नाही, मी तर म्हणतो त्यावर चिकटपट्टी लावा.

आधी तुमचा डब्बा कोणता ते पाहा. दूरदर्शनची फ्री डिश (२००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली, महिन्याचे पैसे नाहीत) खेड्यात सगळ्यात जास्त दिसते. तिचे डब्बे बाजारात वेगवेगळ्या कंपन्यांचे मिळतात, यूएसबीची जागा बहुतेकांना असते, पण सगळेच रेकॉर्ड करत नाहीत. काहींवर फक्त गाणी आणि फोटो चालतात. मेनूत 'पीव्हीआर' (म्हणजे रेकॉर्डिंगची सोय) किंवा 'रेकॉर्ड' असं लिहिलेलं असेल तरच रेकॉर्डिंग होते, घेताना दुकानदाराला पेनड्राईव्ह लावून दाखवायला सांगा, नुसत्या शब्दावर जाऊ नका. रिचार्जवाल्या कंपन्यांत टाटा स्काय प्लस २००८ मध्ये आला (आता त्या कंपनीचं नाव टाटा प्ले), त्यात हार्डडिस्क आतच होती आणि एक चॅनेल रेकॉर्ड होत असताना दुसरं पाहता यायचं. फ्री डिशच्या साध्या डब्ब्यात तसं नाही, ट्यूनर (चॅनेल पकडणारा भाग) एकच, त्यामुळे रेकॉर्डिंग चालू असताना चॅनेल बदलायला गेलं की डब्बा नाही म्हणते, फार तर त्याच फ्रिक्वेन्सीवरची दोनचार चॅनेलं लागतात.

पेनड्राईव्ह ३२ जीबीचा पुरते. साध्या चॅनेलचं एका तासाचं रेकॉर्डिंग अंदाजे एक ते दीड जीबी होते, म्हणजे वीस तास आरामात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पेनड्राईव्ह बहुतेक वेळा फॅट३२ फॉरमॅटमध्ये (फाईली साठवायची एक पद्धत) असते आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसतच नाही. म्हणून तीन तासांचा पिक्चर रेकॉर्ड केला की कधी कधी त्याचे दोन तुकडे झालेले दिसतात. पिक्चर मधेच बंद पडला म्हणून डब्ब्याला शिव्या देऊ नका, लिस्टमध्ये खाली पाहा, दुसरा तुकडा तिथंच असते.

आता पाहायला बसा. मेनू, मग यूएसबी किंवा मीडिया, मग पीव्हीआर लिस्ट. चॅनेलचं नाव, तारीख आणि टाइम दिसेल, ओके दाबा. सुरू झाल्याबरोबर पहिलं काम म्हणजे इन्फो बटण दाबणं. खाली पट्टी येते, किती झालं आणि एकूण किती ते कळते. लोक हे पाहतच नाहीत आणि आंधळेपणाने पळवत सुटतात. अर्ध्या तासाच्या सिरियलचं रेकॉर्डिंग ३७ मिनिटांचं दिसत असेल तर सुरुवातीची दोनतीन मिनिटं आधीच्या कार्यक्रमाचं शेपूट आहे हे पट्टी पाहूनच समजते. (टायमर लावताना दोन मिनिटं आधी आणि पाच मिनिटं नंतरची ठेवाच, चॅनेलवाले घड्याळ पाहून चालत नाहीत.)

फॉरवर्ड का नको

फॉरवर्ड दाबत गेलं की २ पट, ४ पट, ८, १६, ३२ असा स्पीड वाढत जाते. चार मिनिटांचा ब्रेक म्हणजे २४० सेकंद, १६ पटीने तो १५ सेकंदात संपते. ऐकायला चांगलं वाटते. पण सिरियल सुरू झालेली डोळ्याला दिसणं आणि अंगठ्याने प्ले दाबणं यात एक सेकंद तरी जातेच, त्या एका सेकंदात कार्यक्रम १६ सेकंद पुढं गेला, ३२ पटीवर असाल तर अर्धा मिनिट. सुनेने सासूला जे काही सांगायचं होतं ते त्यातच गेलं.

आणि पळवताना चित्र धक्के खात जाते त्याचंही कारण आहे. डिजिटल टीव्हीत सेकंदाला २५ चित्रं असतात पण प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसते. साधारण अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र, आणि मधल्यांमध्ये फक्त काय बदललं तेवढंच. पळवताना डब्बा फक्त ती पूर्ण चित्रं दाखवते, रस्त्याने जाताना फक्त मैलाचे दगड पाहावे तसं, मधलं सगळं सोडून. म्हणून प्ले दाबल्यावर कधी कधी क्षणभर चौकोन चौकोन दिसतात, तो पेनड्राईव्ह खराब झाल्याचा पुरावा नाही.

उडी कशी मारायची

रेकॉर्डिंग चालू असताना उजवा आणि डावा बाण दाबून पाहा. काही डब्ब्यांत उजवा बाण ३० सेकंद पुढं नेते आणि डावा १० सेकंद मागं, काहींत हेच काम पेज वर-खालीच्या बटणावर आहे, काहींत आकडा वेगळा आहे आणि मेनूत बदलता येते. एकदा निवांत बसून सगळी बटणं दाबून पाहा, काही बिघडत नाही, फक्त लिस्ट उघडी असताना रंगीत बटणांपासून जपून, त्यातलं एखादं डिलीटचं असते, कोणतं ते खालच्या पट्टीत लिहिलेलं असते. नेक्स्ट आणि प्रिव्हियस या बटणांनी फसू नका, ती बहुतेक ठिकाणी लिस्टमधल्या पुढच्या-मागच्या फाईलवर नेतात, म्हणजे सोमवारचा भाग सोडून थेट मंगळवारचा लागते.

अर्ध्या मिनिटाची उडी सापडली की चार मिनिटांच्या ब्रेकला आठ वेळा दाबायचं. पण धडाधड नाही. सहा वेळा दाबा, चित्र येऊ द्या, जाहिरातच असेल तर पुन्हा एक. पुढं गेलात तर जास्तीत जास्त अर्धा मिनिटच गेलात, डावा बाण दोनतीनदा दाबला की बरोबर जागेवर. रिमोटचे सेल उतरलेले असतील तर दहा वेळा दाबल्यावर सहाच लागतात आणि मोजदाद चुकते, तेव्हा रिमोट आपटण्याआधी सेल बदला. आमच्या घरच्या रिमोटवरचे आकडे पुसून गेले, वरून पारदर्शक पन्नी आणि रबर, म्हणून आईने उडीच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे, चष्मा नसला तरी तिला सापडते.

ही अर्ध्या मिनिटाची उडी जुनीच आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये टिवो नावाचा रेकॉर्डर निघाला, त्यात ती लपवून ठेवलेली होती, कार्यक्रम चालू असताना सिलेक्ट, प्ले, सिलेक्ट, तीन, शून्य, सिलेक्ट असं दाबलं की रिमोटचं एक बटण उडीचं होऊन जायचं. फॉरवर्ड थांबवला की तो डब्बा आपणहून थोडा मागं यायचा, माणसाचा अंगठा उशिरा पडते हे धरूनच. आपल्याकडच्या स्वस्त डब्ब्यांत ती सोय दिसत नाही, ते मागं येणं आपणच करायचं.

बाणांनी उडी नसेलच तर 'गो टू' बटण शोधा. दाबलं की तास, मिनिट, सेकंद भरायची चौकट येते. १४ व्या मिनिटाला ब्रेक लागला तर सरळ १८ मिनिटं भरा आणि ओके. पिक्चरचा काल सोडलेला भाग पकडायला तर याच्यासारखं काही नाही, झोपताना इन्फो दाबून मिनिट पाहून ठेवायचं, पोराच्या वहीच्या मागं लिहिलं तरी चालते. आणि गो टू पण नसेल तर मग नाइलाजाने फॉरवर्ड, पण १६ च्या वर जाऊ नका आणि एक खूण धरा : ब्रेक संपताना बरेचदा चॅनेलचा स्वतःचा प्रोमो किंवा प्रायोजकांची पाटी येते. ती दिसली की लगेच प्ले, सिरियल दिसायची वाट पाहू नका.

नियमाने पाहिलं तर केबल टीव्ही नियम १९९४ प्रमाणे तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत, त्यातली १० धंद्याची आणि २ चॅनेलच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. म्हणजे अर्ध्या तासाला सहा मिनिटं. त्यात 'मागील भागात' आणि शेवटी 'पुढील भागात' जोडा, आणि प्रत्येक ब्रेकनंतर तोच चेहरा तीनदा दाखवतात तेही धरा, उड्या मारत पाहिलं तर अर्ध्या तासाची सिरियल वीस मिनिटांच्या आसपास उरकते.

क्रिकेटला ही उडी आणखी कामाची. एक बॉल झाला, बॅट्समन इकडे तिकडे फिरते, फिल्डिंग बदलते, यात साधारण अर्धा मिनिट जाते. बॉल झाला की एक उडी, फास्ट बॉलर रनअपला उभा दिसते. स्पिनरला मात्र हे करू नका, तो लवकर टाकते आणि विकेटच हुकते. मॅच लाईव्ह चालू असतानाही जमते, टाइमशिफ्ट (चालू कार्यक्रम थांबवून नंतर तिथूनच पुढं पाहायची सोय) असलेल्या डब्ब्यावर पॉज दाबून ढोरांचं चारापाणी करून या, जेवढा वेळ गेला तेवढी उड्यांची शिल्लक. फक्त तेवढा वेळ मोबाईल बंद ठेवा, नाहीतर गल्लीतल्या फटाक्यांवरूनच निकाल कळते.

लाईन गेली तर काय? रेकॉर्डिंग चालू असताना लाईन गेली की फाईल नीट बंद होत नाही. मग ती लिस्टमध्ये शून्य मिनिटांची दिसते किंवा चालते पण पट्टी आणि गो टू काम करत नाही, कारण कोणतं मिनिट कुठं आहे याची यादी डब्बा बरेचदा शेवटी लिहिते. अशा फाईलवर फॉरवर्ड चालला तर चालला. पावसाळ्यात लाईनचा भरवसा नाही, तेव्हा रात्रीच्या भागाऐवजी दुसऱ्या दिवशीच्या रिपीटला टायमर लावणं बरं, नाहीतर डब्बा इन्व्हर्टरवर घ्या, त्याला करंट फार लागत नाही. आणि स्टॉप दाबल्याशिवाय पेनड्राईव्ह ओढून काढू नका, पोरं गाणी भरायला नेतात तेव्हा हे हमखास होते.

पाहून झालं की लगेच डिलीट करा, पेनड्राईव्ह भरला की डब्बा न सांगता मधेच रेकॉर्डिंग थांबवते. ठेवायचं असेल ते, म्हणजे सह्याद्रीवरचा बोंडअळीचा कार्यक्रम किंवा आजीचं कीर्तन, त्याला लिस्टमध्येच लॉक लावता येते. रिचार्जवाल्या डब्ब्यातलं रेकॉर्डिंग दुसऱ्या डब्ब्यावर किंवा कॉम्प्युटरवर चालत नाही, ते तिथंच पाहा आणि तिथंच पुसा.