चप्पल बघून चित्र: तिसरी-चौथीसाठी चित्रकलेचा एक तास

तिसरीच्या वर्गाला 'हवं ते काढा' म्हणून बघा. निम्म्या वह्यांत तेच येतं: दोन डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली येणारी नदी, काठाला झोपडी आणि मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. असं दृश्य सोलापूरच्या पोरानं बघितलेलं नसतं. ते फळ्यावरून वहीत उतरलेलं असतं. म्हणून फळ्यावर काही काढूच नका. लागणारी वस्तू वर्गाच्या दाराबाहेर पडलेली आहे: ज्याची त्याची चप्पल.

तयारी फारशी नाही. प्रत्येकी एक कोरा कागद आणि काळा मेणखडू. खोडरबर सगळ्यांचे गोळा करून डब्यात टाका. यावर पहिली पाच मिनिटं कुरकुर होते, मग विसरतात. कुणी अनवाणी आला असेल तर त्याला तुमची चप्पल द्या. 'बाईंची चप्पल' काढायला मिळाली म्हणून तो उरलेला दिवस भाव खातो.

चप्पल समोर हातभर अंतरावर, पुढचं टोक आपल्याकडे करून तिरकी ठेवायची. सरळ ठेवली की कागदावर चप्पल दाबून कडेनं गिरवणारे दोन-चार निघतातच.

पाच मिनिटं खडूला हात नाही. फक्त बघायचं, आणि तुम्ही विचारत राहायचं. टाच कुठल्या बाजूनं झिजलीय? अंगठ्याचा खळगा दिसतो का? पट्टा तळव्यात नेमका कुठे शिरतो? एखाद्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली असते. ती चित्रात काढायला विसरू नको म्हणावं. मग एक डोळा मिटून, बोटानं हवेत कड फिरवायची, मुंगी चालते तशी हळू.

आता चित्र. एकच अट: चप्पल कागदाच्या चारही कडांजवळ पोचली पाहिजे, नाहीतर कोपऱ्यात बिस्किटाएवढी चप्पल उगवते. रेघ चुकली तर शेजारी दुसरी ओढायची, पहिली राहू द्यायची.

इथे आपला हात शिवशिवतो. मुलाच्या कागदावर खडू लावायचा नाही. बोट ठेवायचंच तर चप्पलवर ठेवा आणि 'इथे बघ' म्हणा. तळवा वरून दिसतोय आणि पट्टा बाजूनं, असं चित्र आलं तरी ते चूक धरू नका. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांच्या मांडणीनुसार साधारण ७ ते ९ वर्षांची मुलं दिसतं त्यापेक्षा माहीत असलेलं काढतात. त्यामुळे तळवा आणि पट्टा दोन्ही पुरते दाखवायचे तर मूल तसंच करणार.

वीस मिनिटांनी थांबवा. फोनवर चित्रकार व्हॅन गॉगचं १८८६ सालचं बुटांच्या जोडीचं चित्र दाखवा. 'एवढे मळके बूट?' असं कुणीतरी म्हणतंच. आधी दाखवलं तर मात्र सगळे बूटच काढतील.

शेवटी चपला भिंतीकडेनं ओळीत लावा, चित्रं मिसळून वाटा आणि हातातलं चित्र कुठल्या चपलेचं ते शोधायला सांगा. झिजलेल्या टाचेवरून जोडी जुळली की वर्ग ओरडतो. गुण देऊ नका, वेगळी शाबासकीही नको. पुढच्या आठवड्यात मिटलेली छत्री घ्या. उघडी नको, तासभर आवरत बसाल.