आयटीची डिग्री घेताय? फी भरण्याआधी आणि भरल्यावर काय करायचं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांना, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यांना, लागणारं सॉफ्टवेअर बनवायचा माझा छोटा व्यवसाय आहे. दरवर्षी दोन-तीन नवी मुलं-मुली आम्ही घेतो. त्यामुळे बारावीचा निकाल लागला की नात्यातले, गल्लीतले आईवडील विचारायला येतात, "ताई, पोराला आयटीला घालू का? चार वर्षं आणि एवढा पैसा, वसूल होईल का?"

होईल. पण डिग्रीमुळे तुमचा अर्ज घेतला जातो, एवढंच. नोकरी मिळते ती तुम्ही कुणासाठी तरी खरोखर चालवून दाखवलेल्या कामामुळे. या दोन्हींची सोय पहिल्या वर्षापासून करायला लागते.

आधी अर्जाचं बघू. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांची दहावी, बारावी आणि डिग्रीला ६० टक्क्यांची अट असते आणि बॅकलॉग (नापास होऊन राहिलेला विषय) चालत नाही. बँकेत आयटी अधिकारी व्हायचं असेल, तर आयबीपीएस या बँकभरती करणाऱ्या संस्थेच्या परीक्षेला चार वर्षांची इंजिनिअरिंग डिग्री किंवा एमसीएसारखी पदव्युत्तर पदवी लागते. गेटला, म्हणजे एमटेकच्या प्रवेशपरीक्षेला, आयटी आणि कॉम्प्युटरवाल्यांचा पेपर एकच. जर्मनीने नोव्हेंबर २०२३ पासून आयटीतल्या माणसांना डिग्री नसतानाही ब्लू कार्डचा (तिथे राहून नोकरी करायच्या परवान्याचा) रस्ता खुला केलाय, पण त्यासाठी मागच्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा अनुभव पाहिजे. म्हणजे डिग्री टाळता येते, पण पहिली नोकरी कशी मिळवायची हा प्रश्न उरतोच. बावीस वर्षांच्या मुलाकडे अनुभव नसतो, डिग्रीच असते.

बीसीए करून एमसीए केलं तरी चालतं का? चालतं. तीन अधिक दोन, पाच वर्षं होतात आणि फी बऱ्याचदा कमी पडते. डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि माझ्या अनुभवात या मुलांचा हात कामाला लवकर बसतो.

आता फीचा हिशेब. तो कागदावर मांडा, मुलाला शेजारी बसवून. दुसऱ्या कंपन्यांची आयटीची कामं करून देणाऱ्या मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत सुरुवातीचं पॅकेज वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास धरा. हातात महिन्याला २५ हजारांच्या आगेमागे येतात. पाच लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता ८,३०० रुपयांच्या घरात जातो, शिकत असतानाचं व्याज वेगळं. वर पुण्यातली खोली, मेस, प्रवास. हे आकडे बघूनच कॉलेज ठरवा.

सवलती पुष्कळ आहेत आणि त्या माहीत नसल्यामुळे लोक विनाकारण कर्ज काढतात. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत खुल्या गटातल्या मुलांची निम्मी ट्यूशन फी शासन भरतं. २०२४-२५ पासून त्याच उत्पन्नमर्यादेत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की फी सवलत हातची गेली. उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल मे महिन्यातच काढून ठेवा. चंदगड, आजरा, गगनबावड्याच्या मुलांनी कोल्हापुरातल्या बोर्डिंगांची, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहांची चौकशी आधी करावी. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंगपासून सुरू केलेली ही सोय गावाकडून येणाऱ्या मुलांसाठीच आहे, तिथे राहण्यात कसला कमीपणा?

कॉलेज निवडताना फ्लेक्सवरचं सर्वाधिक पॅकेज बघू नका, ते एका मुलाचं असतं. कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारा: मागच्या वर्षी आयटी शाखेतून प्लेसमेंटसाठी किती जणांनी नाव नोंदवलं, त्यातल्या किती जणांच्या हातात ऑफर लेटर पडलं, आणि पगार चढत्या क्रमाने लावले तर मधोमध येणाऱ्या मुलाचा पगार किती. उत्तर मिळत नसेल तर कँटीनमध्ये शेवटच्या वर्षाची मुलं गाठा. आयटी की कॉम्प्युटर यावर घरात भांडण नको. डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क, डेटा स्ट्रक्चर दोन्हीकडे असतं. नुसत्या शाखेच्या नावासाठी चांगलं कॉलेज सोडू नका.

प्रवेश झाला. आता ज्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे ते सांगते.

मुलाखतीला येणाऱ्या दहातल्या बहुतेकांच्या बायोडेटात हॉस्पिटल मॅनेजमेंट नाहीतर लायब्ररी मॅनेजमेंट हाच प्रोजेक्ट असतो. विकत आणलेला प्रोजेक्ट दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. मागे गडहिंग्लजकडची एक मुलगी आली होती. तिने गावच्या दूध संस्थेसाठी पशुखाद्याच्या उचलीचा हिशेब बनवला होता. कोणी किती पोती उचलली आणि दहा दिवसांच्या बिलातून किती कापायचे, एवढंच. मी विचारलं, कपात चालू असताना मध्येच लाइट गेली तर? ती म्हणाली, "मॅडम, पहिल्यांदा तसंच झालं. निम्म्या लोकांचे पैसे दोनदा कापले गेले. सेक्रेटरींनी बोलावून घेतलं. मग मी सगळी कपात एका ट्रान्झॅक्शनमध्ये टाकली, झाली तर सगळी, नाहीतर काहीच नाही." ट्रान्झॅक्शनची व्याख्या सगळ्यांना पाठ असते. तिला ती का लागते हे माहीत होतं. दुसऱ्याच दिवशी तिला कामावर घेतलं.

असं काम तुमच्या आसपास भरपूर आहे. इचलकरंजीत माग आहेत, हुपरीत चांदीचे कारखाने, शिरोली-गोकुळ शिरगावला फाउंड्र्या. फाउंड्रीचं उदाहरण देते. प्रत्येक हीटला, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूला, नंबर असतो. त्या हीटच्या धातूची रासायनिक तपासणी एका रजिस्टरात, किती कास्टिंग (ओतीव भाग) ओतली ते दुसऱ्यात, आणि ब्लोहोल, कोल्ड शट, श्रिंकेज अशा ओतकामातल्या दोषांमुळे किती रिजेक्ट झाली ते तिसऱ्यात. तिन्ही जुळवून कुठल्या पॅटर्नला (ज्यावरून साचा बनतो त्या नमुन्याला) कुठल्या शिफ्टमध्ये जास्त रिजेक्शन येतं हे दाखवलंत, तर मालक स्वतः चहा सांगेल.

यासाठी ओळख लागते, तर मामा, काका, शेजारी कुणीतरी एमआयडीसीत असतोच. मालकाकडे जाऊन "एआयचा प्रोजेक्ट करायचाय" म्हणू नका. "एका महिन्याचं रिजेक्शन रजिस्टर बघू का?" असं विचारा. क्लार्कच्या शेजारी दोन दिवस बसा, तो काय लिहितो आणि काय लिहायचं टाळतो ते बघा. आधी साध्या एक्सेलमध्ये जुळवा, मग डेटाबेसमध्ये. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर टाकताना खरी नावं, पार्टी, दर काढून खोटी माहिती भरा आणि मालकाची परवानगी घ्या. बायोडेटात दोन ओळी पुरेत: कुणासाठी केलं, आणि त्यामुळे त्यांचं कुठलं काम हलकं झालं.

बाकीचं थोडक्यात. पहिल्या वर्षी गणित आणि सी ही प्रोग्रामिंगची भाषा नीट करा, बॅकलॉग ठेवू नका. दुसऱ्या वर्षी एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) आणि लिनक्स (ऑपरेटिंग सिस्टीम). एनपीटीईएल या वेबसाइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट ऐकता येतात. तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत इंटर्नशिप करा, घराजवळची चालेल, पण शिकवायला कुणी ज्येष्ठ आहे ना ते बघा. एआयकडून कोड जरूर लिहून घ्या, मात्र प्रत्येक ओळ का आहे हे सांगता आलं पाहिजे. मी नेट बंद करून मोडका कोड समोर ठेवते आणि दुरुस्त करायला सांगते. इंग्रजीची भीती वाटत असेल तर आपला प्रोजेक्ट आधी आईला मराठीत समजावून सांगा, मग तेच आरशासमोर इंग्रजीत. आपण स्वतः केलेल्या कामाला शब्द सापडतात.

पहिली नोकरी पुण्यात घ्यायला हरकत नाही, मी स्वतः तिथल्या हिंजवडीच्या आयटी पार्कात काम शिकून परत आले. ऑफर आली की सही करण्याआधी बाँड वाचा: किती वर्षं, सोडल्यास किती रक्कम. "आधी ट्रेनिंगचे पैसे भरा, मग नोकरी" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. आणि मूळ मार्कलिस्ट कुणाच्याही ताब्यात ठेवू नका. पडताळणीला दाखवायच्या, साक्षांकित प्रती द्यायच्या, मूळ घेऊन घरी यायचं.